घाट नव्हे, उतार

सर,

स्टेशनबाहेर तुमचा फ्लेक्स लागला आहे. तुम्ही पाहिला असता तर पायातली चप्पल काढून मारली असती. शाळेच्या निरोप समारंभातला तुमचा फोटो कापून घेतलाय, कपाळाला टिळा लावलाय आणि मागे जहाज टाकलंय. शिडाची होडी नाही हं. चार मजल्यांचं, पांढरंशुभ्र, खिडक्याच खिडक्या असलेलं, पैसेवाले लोक हनिमूनला जातात तसलं जहाज. वर लिहिलंय, 'नौकानयन महर्षी'. खाली आपल्या पुढारी दादांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा आणि दादा हात जोडून हसताहेत. माणूस गेल्याच्या फ्लेक्सवर हसरा फोटो लावू नये, एवढंही ज्यांना कळत नाही त्यांच्या हातात आता तुमची आठवण आहे.

मला रडू आलं नाही. मळमळलं. तुम्ही गेल्यापासून, एक वेळ सोडली तर, हेच चाललंय. घरी येणारे जाणारे म्हणतात, "रडून घे गं, मोकळी हो." पण रडायला आत जागा तर हवी. दुःखाच्या आधी किळस येऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. म्हणून म्हटलं, आधी ती काढून टाकावी. तुमच्यासमोर काढावी, कारण तुमच्यासमोर मला कधी गोड बोलावं लागलं नाही.

महर्षी कसले, तुम्ही बदलापूरच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवायचात. तरंगण्याचा धडा शिकवायला सगळ्या वर्गाला नदीवर नेलं होतं. माझा जेवणाचा डबा मागून घेतलात. झाकण घट्ट लावून पाण्यात सोडला, तो तरंगला. मग झाकण काढून सोडलात आणि तो गुडगुड करत गेला. डबा निघाला, भाकरी नाही निघाली. मी तोंड एवढंसं करून उभी. तुम्ही काकूंनी दिलेला तुमचा डबा माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "भोईर, तुझी भाकरी विज्ञानाच्या कामी आली. आता माझी तुझ्या कामी येऊ दे." त्यात कुळथाची पिठी होती. आमच्या घरी तसली कधी केली नव्हती. अजून तिची चव आठवते, आणि धडाही.

पुढे बारावी झाल्यावर तुम्ही अंबरनाथहून हेंद्रेपाड्याला आमच्या घरी आलात. बाबा ओट्यावर विळ्याला धार लावत होते. त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही.

"मास्तर, पोरीला एवरं शिकवून काय करू? होऱ्या बांधाच्या हायेत का तिला?"

"हो," तुम्ही म्हणालात, "होड्याच बांधायच्या आहेत."

तुम्ही नुसतं तोंडाला तोंड दिलं होतं. बाबांनी मात्र विळा खाली ठेवला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. सिव्हिल इंजिनीअर झाले, अंबरनाथला कारखान्यांच्या शेड उभारणाऱ्या कंपनीत लागले. हे सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, "पायाभरणी कच्ची दिसते तुझी."

तुम्ही निवृत्त झालात आणि फोन केलात.

"भोईर, रविवारी काय करतेस?"

"झोपते, सर."

"झोपायला म्हातारपण पडलंय. नदीवर ये."

बंधाऱ्याच्या वरच्या डोहात तुम्ही दोन होड्या आणून ठेवल्या होत्या. मुंबईच्या कुठल्याशा क्लबाने काढून टाकलेल्या. एक माणूस किंवा दोन पोरं बसतील एवढ्या, एका शिडाच्या. कॉलेजात असताना नौदलाच्या एनसीसीत तुम्ही शीड हाकायला शिकला होतात आणि ते पस्तीस-चाळीस वर्षं कुणाला न सांगता अंगात ठेवलं होतंत. आता म्हणालात, "ह्या गावातल्या पोरांना नदी म्हणजे नाला वाटतो. वाटायचंच. तिच्याशी काम काय त्यांचं? निर्माल्य टाकणं आणि नाक धरणं. एकदा शिडावर बसली की घाण टाकणाऱ्याचा हात धरतील."

होड्या होत्या, पोरं मिळाली, पण पाण्यात उतरायचं कसं? काठ चिखलाचा. वर जलपर्णी. चिखलात पाय गुडघ्यापर्यंत जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा त्याला काय काय चिकटलेलं असायचं ते इथे लिहिणार नाही. म्हणून तरता धक्का बांधायचा ठरलं आणि त्याच्या शेजारी होडी उतरवायला उतार.

धक्का तरता ठेवणाऱ्या पिंपांसाठी आपण उल्हासनगरला गेलो होतो, तो दिवस आठवून मला आजही ओकारी येते आणि हसूही येतं. कॅम्पातल्या त्या गल्लीत निळ्या प्लास्टिकच्या पिंपांचे डोंगर. शेठ गादीवर पाय दुमडून बसलेले. तुम्ही एकेका पिंपाचं बूच उघडून आत नाक घालत होतात.

"मास्टरजी, सूंघो मत. ड्रम आहे, अत्तरची बाटली नाय."

"ह्यात आधी काय होतं, शेठ?"

"केमिकल."

"कुठलं?"

"जो ड्रम में येतो ना, वोईच."

तुम्ही मला म्हणालात, "घे, तू पण वास घे, इंजिनीअर आहेस ना." मी घेतला आणि शेठच्या गादीशेजारीच ओकले. शेठ तसूभर हलले नाहीत. "पानी दो मॅडम को," म्हणाले, "और ये वाला ड्रम साइड में रखो, मास्टरजी को पसंद नहीं आया."

मागच्या बाजूला त्यांची माणसं पिंपं धूत होती. एकातून हिरवं, एकातून जांभळं, सगळं गटारात. गटार वालधुनी नदीत, आणि वालधुनी पुढे आपल्याच उल्हास नदीला. परत येताना रिक्षात आपण भांडलो. मी म्हटलं, ही पिंपं नकोत. आपण नदीवर पोरं तरंगवायची म्हणून खालच्या अंगाला नदी मारायची, हा कुठला न्याय? तुम्ही भडकलात. "मग काय आकाशातून आणू? लाकडाचा तराफा करू? झाडं तोडू? तू शुद्ध, मी पापी, असंच ना?" रिक्षावाला आरशातून बघत होता. अंबरनाथ येईपर्यंत तुम्ही बोलत होतात.

पुढच्या रविवारी नदीवर पिंपं आली ती लोणच्याची. कुठल्या तरी मसालेवाल्याकडून शोधून आणलेली, आत कैरीच्या फोडी चिकटलेल्या. "बघतेस काय, पट्टे आवळ," एवढंच म्हणालात. वर्षभर आपल्या धक्क्याला व्हिनेगर आणि मोहरीचा वास यायचा. पोरं त्याला लोणच्याचा धक्का म्हणायची. उन्हात तापला की भूक लागायची.

तुमचं असंच होतं, सर. चूक कबूल करायची झाली तर ती हातांनी, तोंडाने कधीच नाही. मला ते पुरायचं. काकूंना पुरत नसावं, पण ते पुढे.

धक्का मात्र देखणा झाला. लोखंडी पाइपांची चौकट, खाली पिंपं आडवी, वर फळ्या. चार कोपऱ्यांना कड्या आणि त्या कड्या नदीच्या तळात रोवलेल्या खांबांत ओवलेल्या. बंधाऱ्याची दारं उघडली की पाणी उतरायचं, मिटली की चढायचं. धक्का आपला खांबांवरून घसरत वरखाली. पक्का बांधला असता तर निम्मं वर्ष बुडालेला आणि निम्मं वर्ष छातीएवढा उंच. शेजारचा उतार मुरमाचा, वर काँक्रीट आणि ओलं असतानाच त्यावर खराट्याने तिरक्या रेघा. "गुळगुळीत ते सगळं वाईट," तुम्ही म्हणायचात, "माणूस असो की जमीन." होडी ट्रॉलीवर ठेवायची, उतारावरून पाण्यात सोडायची, चाकं बुडाली की पाणीच होडी उचलून घेतं. सात-आठ वर्षांचं पोरसुद्धा एकटं होडी उतरवायचं. ते बघून बाबा एकदा म्हणाले, "आमी जलम काढला हितं, पन नदी अशी हातात धरून कंदी नेली नाय कुनी."

आणि तुमचं ते मराठीचं वेड. शीड, डोलकाठी, सुकाणू, वल्हं. पोरांनी 'सेल' म्हटलं की तुम्ही कान धरायचात. "मराठी शाळेत शिकलो याची लाज वाटते ना तुम्हाला? मग आधी मराठीत बुडायला शिका." जेट्टीला धक्का म्हणायचं. नगरपालिकेतल्या एका साहेबांनी विचारलं होतं, "तरता धक्का म्हणजे नक्की काय? शॉक वगैरे लागतो का?" तुम्ही म्हणालात, "बिल बघितल्यावर लागेल." रॅम्पला मात्र तुम्हाला शब्द सापडेना. पोरांनी 'घसरगुंडी' सुचवलं. मी म्हटलं, "उतार म्हणा ना." तुम्ही नाक मुरडलंत. "उतार काय? ताप उतरल्यासारखं वाटतं."

मग ती सभा झाली. दादांना कळलं होतं की नदीवर पोरं शीड हाकतात आणि पेपरवाले फोटो काढतात. दादा आले, धक्क्यावर उभे राहून फोटो काढून घेतला, खाली खुर्च्या मांडल्या होत्या तिथे बसले आणि म्हणाले, "सर, आपल्याला हे पक्कं करायचंय. सांगा, काय करून देऊ?"

त्यांचा एक माणूस मोबाइलवर टिपून घेत होता. "रॅम्प लिहू का, दादा?"

तुम्ही उठलात. काय आवाज लागला होता तुमचा त्या दिवशी! "रॅम्प काय, जेट्टी काय! आपल्या मातीत शब्द नाहीत का? धक्का म्हणा. घाट म्हणा. घाट!"

टाळ्या पडल्या. दादा उभे राहिले, तुमचा हात हातात घेतला. "सरांनी मन जिंकलं. टेन्शन नका घेऊ सर, घाट म्हणजे घाटच होणार. एकदम बनारस टाइप."

बनारस ऐकून मी तुमची बाही ओढली. "सर, ड्रॉइंग बघायला सांगा त्यांना." तुम्ही म्हणालात, "गप गं, माणूस भाषेवर बोलतोय." तुम्ही हरखला होतात. तुम्ही वेंगुर्ल्याकडचे. तुमच्या मनातला घाट म्हणजे आंबोलीचा. कोकणातून वर देशावर चढणारा रस्ता, वळणावळणाचा, एसटी घरघरत जाते तो. घाट म्हणजे उतार, हे तुम्हाला इतकं स्वच्छ दिसत होतं की दुसरं काही असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. आणि इथल्या माणसाला घाट म्हटलं की दिसतात पायऱ्या.

पायऱ्याच आल्या. तुम्ही तीन-चार महिने गावी गेला होतात. मी कंपनीच्या लांबच्या साइटवर होते. येऊन पाहते तो आपला उतार फोडून ट्रॅक्टरमधून वाहून नेला होता. त्या जागी काळ्या चकचकीत ग्रॅनाइटच्या पायऱ्या, थेट पाण्यात. स्टीलचं रेलिंग. कमळाच्या आकाराचे दिवे. मधोमध एक चौथरा, त्यावर पुढे काय बसवायचं ते अजून ठरलं नव्हतं. मी ठेकेदाराला गाठलं. तो बिचारा गोंधळला. "मॅडम, ऑर्डर में घाट लिखा है. घाट में सीढ़ी नहीं होगी तो क्या होगा?" त्याचं काहीच चुकलं नव्हतं आणि त्याचीच सगळ्यात जास्त चीड आली.

पायऱ्यांवरून ट्रॉली जात नाही. रेलिंगमुळे होडी आडवी करून नेता येत नाही. हातात उचलून न्यावी तर ग्रॅनाइटवर शेवाळ धरलं आणि एका पोराचा पाय असा सटकला की गुडघा फाटला. त्याच्या आईने शाप दिला, मला. बरोबर दिला. होड्या आमच्या खळ्यात आणून पालथ्या घातल्या.

घाट झाला म्हटल्यावर घाटाची कामंही आपोआप चालत आली. आधी निर्माल्य, मग दहावे. केस, पिंडांचा भात, झेंडूच्या माळा, अगरबत्तीच्या काड्या, फुटलेली मडकी, गुटख्याची पाकिटं. आपल्या तरत्या धक्क्यावर लोक सेल्फी काढायला उड्या मारायचे. दोन पट्टे तुटले. एकदा एकाने त्यावर उभं राहून बायकोला म्हटलं, "ये, गोव्याला आल्यासारखं वाटतं." माझ्या हातात पाना होता, मी तो खाली ठेवला.

तुम्ही गावाहून आलात आणि पाहिलंत. मला वाटलं, शिव्या देणार. तुम्ही पहिल्या पायरीवर बसलात, पँट ओली होत होती तरी उठला नाहीत. "ह्यां काय करून ठेवल्यानी मेल्यांनी?" एवढंच, तेही हळू. पलीकडे कुणाचं तरी क्षौर चाललं होतं.

"भोईर, तो घाट शब्द माझोच मां गो?"

तुम्ही मालवणी फक्त काकूंशी बोलायचात. माझ्याशी कधीच नाही. मी घाबरले. पहिल्यांदा तुम्ही तोंडाने काही कबूल करायला निघाला होतात आणि मी त्याच्या आड उभी राहिले.

"मला नाही आठवत, सर," मी म्हटलं. "त्यांनीच काहीतरी केलं असेल."

आठवत होतं. तुम्हालाही माहीत होतं की मला आठवतंय. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मान डोलावलीत, आणि परत तो विषय काढला नाहीत. मला त्या क्षणी वाटलं, मी तुम्हाला वाचवलं. आता वाटतं, तुम्हाला बोलू द्यायला हवं होतं. बोलून तुम्ही हलके झाला असतात की मोडला असतात, हे मला कधीच कळणार नाही, आणि हा वाद मी आता कोणाशी घालू?

मग तुम्ही गेलातच. तुमचा दहावा कुठे झाला असेल? त्याच पायऱ्यांवर. तुमचे पुतणे गावाहून आले होते, त्यांना काय माहीत. कुणीतरी म्हटलं, "सरांचा घाट आहे ना," आणि ठरलं. सरांचा घाट! मी एका कडेला उभी राहिले. पिंड ठेवला, शेजारी कुळथाची पिठी आणि भात. कावळा काही शिवेना. लांब बाभळीवर बसून बघत होता.

मग ते सुरू झालं, तुम्ही ज्याला थोतांड म्हणायचात. एकेकजण पुढे होऊन हात जोडून आश्वासनं देऊ लागला. पुतण्या म्हणाला, "काका, काकीला आम्ही सांभाळू." कावळा हलला नाही. शाळेतले जोशी सर म्हणाले, "तुमच्या नावे बक्षीस ठेवू." नाही. बाबा म्हणाले, "मास्तर, तुमच्या होऱ्या माझ्याकं हान, काय काळजी करू नका." तरी नाही. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. म्हटलं, हा कावळा विज्ञानाचा विद्यार्थी दिसतो.

तेवढ्यात दादांची गाडी आली. हॉर्न वाजला आणि सगळे तिकडे धावले. एक कार्यकर्ता धावता धावता ओरडला, "सर, घाटाला तुमचंच नाव देणार!" मागे पिंडापाशी कुणी उरलं नाही तसा कावळा खाली उतरला आणि भाताला चोच लावली.

"शिवला! शिवला!" असा गलका झाला. बायकांनी डोळे पुसले. कार्यकर्त्याने लांबूनच मोबाइलवर काढलेलं दादांना दाखवलं. "दादा, नाव बोललो आणि लगेच. सरांची इच्छा हीच होती." दादांनी मान लववली. मी तिथून चालत घरी गेले आणि मोरीत जाऊन उलटी केली. उल्हासनगरच्या त्या पिंपाचा वास परत नाकात भरला होता.

पाच-सहा दिवसांनी शोकसभा ठेवली. तिथेच, पायऱ्यांवर. वर मंडप, माइक, काकू पहिल्या ओळीत पांढऱ्या साडीत. त्यांना पांढरी साडी कुणी नेसवली देव जाणे. चौथऱ्यावर कापड झाकलेली पाटी तयार होती. शोकसभेतच अनावरण. मला बोलायला बोलावलं होतं, 'सरांची लाडकी विद्यार्थिनी' म्हणून. माझ्याआधी दादा बोलले. "सर मला म्हणाले होते, रॅम्प नको, जेट्टी नको, आपल्या मातीतला घाट द्या. हा घाट सरांचा शब्द आहे. मी सरांचा शब्द पाळला."

खरं होतं ते, सर. एक अक्षर खोटं नव्हतं. त्याचीच किळस आली. तुमचाच शब्द घेऊन तुमच्या तोंडावर ग्रॅनाइट बसवलं होतं आणि ते फोडायचं तर एकच रस्ता होता. शंभरेक माणसांसमोर, काकूंसमोर, तुमच्या शोकसभेत म्हणायचं की तुम्ही चुकलात. तुम्ही जे स्वतः म्हणायला निघालात आणि मी म्हणू दिलं नाही, तेच.

माइक हातात घेतला. मी म्हटलं, "दादा म्हणतात ते खरं आहे. सर घाट म्हणाले होते. मी शेजारी बसले होते. सरांचा शब्द चुकला."

मी पुढे बोलत गेले. तुमचा घाट आंबोलीचा होता, पायऱ्यांचा नव्हता, हे सांगितलं. या पायऱ्यांवरून आजपर्यंत एकही होडी उतरलेली नाही, हे सांगितलं. ज्या कामासाठी सरांनी निवृत्तीनंतरचे सगळे रविवार दिले ते काम या पायऱ्यांनी बंद पाडलं. त्यांच्यावर त्यांचं नाव घालू नका. नाव द्यायचंच असेल तर पायऱ्या फोडा, उतार करा, आणि मग द्या.

कार्यकर्ता खालून म्हणाला, "ताई, पण कावळा शिवला ना?"

"तो नावाला शिवला नाही, भाऊ. तुम्ही सगळे दादांच्या गाडीकडे पळालात, म्हणून शिवला."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. मग दोन-चार जण हसले. शोकसभेत हसू फुटलं ते तुम्हाला आवडलं असतं. दादा हसले नाहीत. फ्लेक्सवर हसतात तेवढंच. कापड काढलं नाही. "कार्यक्रम पुढे ढकलण्यात येत आहे," असं सांगून मंडळी पांगली.

मी खाली आले. काकूंकडे बघायची हिंमत नव्हती. चाळीस वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला त्याच्या शोकसभेत मी त्याची चूक माइकवरून सांगितली होती. काकूंनी हात धरून मला शेजारी बसवलं. त्यांचा हात गार होता.

"बरां केलंस," त्या म्हणाल्या. "जल्मात कधी 'माझा चुकला' म्हणूक नायत. माझ्याकडे नाय, भावाकडे नाय, शाळेत तर नायच. आज तुझ्या तोंडान म्हटल्यानी."

आणि मग आम्ही दोघी रडलो. तिथेच, त्या ग्रॅनाइटवर. किती वेळ ते माहीत नाही. मंडपवाला खुर्च्या उचलत होता, तो आमच्या दोन खुर्च्या सोडून पुढे गेला.

काल पाटीचं अनावरण झालं. आम्हाला बोलावणं नव्हतं, तरी काकू म्हणाल्या, बघून येऊ. गर्दी गेल्यावर गेलो. पाटीवर दादांच्या स्वर्गवासी वडिलांचं नाव आहे, सोनेरी अक्षरांत. खाली दादांचं, त्याहून जरा मोठं. वडील फार भले गृहस्थ होते म्हणतात, होडीत कधी बसले नव्हते. पायऱ्यांवर भात, केस आणि झेंडू होतेच. पाण्यावर फेस होता. तुटके पट्टे लोंबत आपला धक्का एका बाजूला कलला होता. काकूंनी चष्मा पुसून पाटी दोनदा वाचली, ओळ न् ओळ, कुठे तुमचं नाव राहून गेलं नाही ना ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चल."

तो फ्लेक्स उतरला की या गावात तुमच्या नावाचं काहीही नाही, सर. तेवढं एक काम माझ्या हातून चोख झालं.

तुमची,
भोईर